‘खाली’ म्हणजे रिकामं: रेंजवर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल रिकामं करण्याची रीत

इंदूरच्या नेमबाजीच्या रेंजवर मराठी माणसाची पहिली फसगत एका शब्दावर होते. आपल्याकडचे पिस्तुलाचे प्रशिक्षक बरेचदा फौजेतून किंवा सीमा सुरक्षा दलातून आलेले असतात, कारण जवळच्या महूला सैन्याचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे आणि शहराच्या कडेला बीएसएफचं शस्त्र-प्रशिक्षण केंद्र. हुकूम फौजी हिंदीत येतो: ‘खाली कर’. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मराठीत खाली म्हणजे जमिनीकडे. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या इंदूरकराला हा फरक एरवी झोपेतही कळतो. पण कानावर मफ, हातात पिस्तूल आणि पाठीमागून ओरडा अशा वेळी डोकं आधी घरच्या भाषेत ऐकतं. पुण्याहून आलेल्या भाच्याचं तर विचारूच नका. तो भरलेलं पिस्तूल तसंच पायाशी रोखतो. काँक्रीटच्या फरशीवर गेलेली गोळी उसळते आणि कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

म्हणून रेंजवर पाऊल ठेवण्याआधी घरच्या मंडळींना एवढं शिकवा: ‘खाली कर’ ऐकलं की नळी टार्गेटकडेच ठेवायची आणि पिस्तूल रिकामं करायला घ्यायचं. स्पर्धेत हाच हुकूम इंग्रजीत ‘अनलोड’ म्हणून येतो. ‘थम’ किंवा ‘स्टॉप’ ऐकलं की त्याच क्षणी ट्रिगरवरून बोट बाहेर.

दुसरा गोंधळी शब्द ‘घोडा’. आपल्याकडे कोणी ट्रिगरला घोडा म्हणतं, कोणी हॅमरला, आणि सिनेमा पाहून आलेला पोरगा अख्ख्या पिस्तुलाला. ‘घोडा सोड’ असं कोणी सांगितलं तर नक्की काय सोडायचं? रेंजवर हा शब्दच नको. बोटाखाली असतो तो ट्रिगर. मागे दिसतो आणि प्रायमरवर, म्हणजे राउंडच्या तळाशी घाव बसला की पेटणाऱ्या भागावर, घाव पोचवतो तो हॅमर. वरचा मागेपुढे सरकणारा भाग स्लाइड. गोळी उडण्यापूर्वी जिथे बसते ते चेंबर. अख्खी जिवंत गोळी म्हणजे राउंड, आणि उडून गेल्यावर उरतं ते रिकामं पितळी खोकं.

कोणतं पिस्तूल हातात आहे

सामान्य माणसाच्या हातात भारतात बहुतेक दोन तऱ्हेची पिस्तुलं येतात: क्लबवरचं .२२ (हे नळीचं माप, इंचात) स्पोर्ट पिस्तूल, नाहीतर परवान्यावरचं .३२. ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं नळीचं माप, असल्यामुळे ते सहसा पोलिसांकडे आणि सैन्याकडेच दिसतं. रीत तिन्हींची एक. खोड्या मात्र वेगवेगळ्या.

.२२ स्पोर्ट पिस्तुलांपैकी पार्दिनी किंवा वॉल्थर जीएसपी यांच्यात मॅगझिन मुठीत नसतं, ट्रिगरच्या पुढे असतं. स्लाइडही नसते, आत बोल्ट असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला बोटांनी ओढायला कान असतात. .३२ च्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत. त्याची कळ काहींत अंगठ्याजवळ बटणाच्या रूपात, काहींत मुठीच्या तळाशी. तळाची कळ असेल तर मॅगझिन आपसूक खाली पडत नाही, दुसऱ्या हाताने ओढून काढावं लागतं, आणि या खटाटोपात नळी हलते. म्हणून अनोळखी पिस्तूल भरण्याआधी ते रिकामं असताना पाच-सात वेळा मॅगझिन घालून-काढून बघा, स्लाइड मागे अडकवून बघा. भरल्यावर कळ शोधत बसण्यासारखा मूर्खपणा नाही.

सेफ्टीबद्दलही एक गोष्ट आधी माहीत हवी. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइडच जाम होते. आपल्या पोलिसांकडचं ईशापूरचं ९ मिमी १ए हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, त्यात तसंच आहे. म्हणजे रिकामं करायला सेफ्टी काढावीच लागते. स्लाइड सरकत असूनही सेफ्टी लावून ठेवता येत असेल तर जरूर लावा, पण तिच्या भरवशावर बोट ट्रिगरवर नेऊ नका. सेफ्टी हा लहानसा लोखंडी तुकडा आहे. तो झिजतो, अर्धवट बसतो.

उभं राहणं आणि बोट

कानाला मफ, डोळ्याला चष्मा. .२२ पिस्तुलाचा आवाजही कानाजवळ १४० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे ‘छोटीच तर गोळी आहे’ हे ऐकून घेऊ नका. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावा. गरम खोकं उडून कॉलरमधून आत गेलं की माणूस नाचतो आणि पिस्तूल त्याच्याबरोबर नाचतं. इंदूरच्या मे महिन्यात गळा बंद करणं जिवावर येतं, ते खरं, तरी करा. आणि खोकं आत गेलंच तर भाजू द्या. आधी बोट बाहेर, नळी समोर, पिस्तूल टेबलावर, मग शर्ट झटका.

बोटाची जागा ट्रिगर-गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) वर, फ्रेमच्या बाजूला, सरळ ताणलेली. गार्डच्या कडेवर टेकवलेलं बोट पुरेसं नाही. दचकल्यावर मूठ आवळते आणि ते बोट घसरून आत जातं.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. उजव्या हातात पिस्तूल धरलेला माणूस डाव्या हाताने स्लाइड ओढायला जातो तेव्हा त्याच्या नकळत नळी डावीकडे फिरते, थेट शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या बरगडीवर. मनगटाची रचनाच तशी आहे, तेव्हा ‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. पायाची जागा बदला. उजवा पाय मागे घेऊन अंग उजवीकडे वळवा, म्हणजे डावा खांदा टार्गेटकडे येईल. आता पिस्तूल छातीसमोर आडवं धरलं तरी नळी आपोआप टार्गेटकडेच राहते. कोपर अंगाजवळ. डाव्या हाताने स्लाइडचा मागचा खाचांचा भाग वरून मुठीत धरा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. एका हाताने ओढण्यापेक्षा दोन्ही हातांचं हे ढकलणं-ओढणं सोपं जातं, घामेजल्या हातांनाही. डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं.

रिकामं करण्याचा क्रम

नळी टार्गेटकडे, बोट बाहेर. यानंतर आधी मॅगझिन. कळ दाबा, मॅगझिन पूर्ण बाहेर काढा, टेबलावर ठेवा. अर्धवट निघालेलं मॅगझिन हे निघालेलं मॅगझिन नव्हे.

मग स्लाइड जोरात, शेवटपर्यंत मागे. संकोचाने अर्धी ओढली तर चेंबरमधला राउंड निघून तिथेच आडवा अडकतो. पूर्ण ओढली की राउंड बाहेर उडतो. उडू द्या. तो झेलण्यासाठी बाहेर पडायच्या खिडकीवर तळहात धरण्याची लकब वाईट आहे. स्लाइड मागे येताना राउंड आत अडखळला तर इजेक्टरचं, म्हणजे राउंड बाहेर फेकणाऱ्या तुकड्याचं, टोक प्रायमरवर आदळू शकतं आणि राउंड तुमच्या तळहातात फुटतो. .२२ मध्ये तर स्फोटक मसाला खोक्याच्या कडेतच भरलेला असतो. जमिनीवर पडलेला राउंड नंतर, रेंज अधिकाऱ्याने परवानगी दिल्यावर उचलता येतो. उचलायला वाकताना हातात पिस्तूल नको.

दोन-तीनदा स्लाइड ओढा, मग मागे अडकवून ठेवा. काही जुन्या छोट्या पिस्तुलांत मॅगझिनशिवाय स्लाइड मागे राहतच नाही. तिथे ती हाताने धरून ठेवून बघावं लागतं.

आता बघा, आणि मग चाचपा. तीन जागा: चेंबर, मॅगझिनची पोकळी, आणि स्लाइडचा तो सपाट चेहरा जिथे एक्स्ट्रॅक्टर खोक्याला पकडतो. डोळ्यांनी बघून का भागत नाही? पत्र्याच्या शेडखाली, पावसाळी दुपारी काजळी धरलेलं पितळ आणि रिकामं भोक दोन्ही काळंच दिसतं. करंगळीचं टोक चेंबरच्या तोंडावर ठेवा. .२२ किंवा .३२ च्या चेंबरमध्ये बोट शिरत नाही, शिरायची गरजही नाही. रिकामं असेल तर टोकाला गोल कड आणि मधे खळगा लागतो. आत राउंड असेल तर चकती लागते, रुपयाच्या नाण्यासारखी सपाट. हा फरक एकदा रिकाम्या खोक्यावर अनुभवून ठेवा, विसरत नाही.

शेवटी सेफ्टी फ्लॅग. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत तो सक्तीचा आहे: भडक, सहसा नारिंगी रंगाचा, शेपटी चेंबरमध्ये जाईल आणि ध्वज बाहेर दिसेल असा. लोक याला अधिकाऱ्याला दाखवायची चिंधी समजतात. खरं तर तो तुमची तिसरी तपासणी आहे. शेपटी आत गेली नाही तर आत काहीतरी आहे. जोर लावू नका, बोलवा.

फ्लॅग लागला की पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे, उघडी खिडकी वर, म्हणजे तीन पावलांवरूनही अधिकाऱ्याला आत दिसेल. त्याने बघून होकार दिला की एक पाऊल मागे.

पाचाचा हिशेब

क्रम का मोडू नये हे हिशेबानं कळतं. २५ मीटरच्या स्पर्धांत मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त ५ राउंड भरतात. महूच्या युनिटमध्ये तयार झालेल्या नेमबाज विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं त्या रॅपिड फायरमध्येही पाच-पाचाचीच मालिका. समजा तुम्ही ५ भरले आणि ३ झाडले. उरले २. पिस्तूल आपोआप पुढचा राउंड चढवतं, म्हणून एक चेंबरमध्ये आहे, एक मॅगझिनमध्ये.

बरोबर क्रम: मॅगझिन काढलं, त्यात १ दिसतो. स्लाइड ओढली, १ उडाला. एक अधिक एक दोन. जमलं.

चुकीचा क्रम: आधी स्लाइड ओढली. १ उडाला, पण पुढे जाताना स्लाइडने मॅगझिनमधला शेवटचा राउंड चेंबरमध्ये नेऊन बसवला. आता मॅगझिन काढलं, ते रिकामं. माणसाच्या डोळ्यांनी राउंड उडताना पाहिला, हातात रिकामं मॅगझिन आहे, आणि डोकं सांगतं, झालं रिकामं. चेंबरमध्ये एक बसलेला आहे. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांची गोष्ट बहुतेक वेळा इथेच सुरू होते. टेबलावरचे राउंड मोजणाऱ्याला मात्र लगेच कळतं: दोन उरायला हवे होते, समोर एकच आहे.

क्रम बरोबर असूनही राउंड उडाला नाही तर? एक्स्ट्रॅक्टरचं नख तुटलं आहे, किंवा त्याच्याखाली मळ साचला आहे, आणि राउंड चेंबरमध्येच राहिला आहे. स्लाइड सफाईने मागेपुढे होते, काहीच पडत नाही, म्हणून सगळं रिकामं वाटतं. चाचपणं आणि मोजणं या दोनच गोष्टी तिथे वाचवतात. असा जिवंत राउंड काढायला तोंडाकडून नळीत गज घालणाऱ्याला रेंजवरून घालवून द्यावं. ते काम हत्यार-कारागिराचं.

पाचही झाडून स्लाइड आपोआप मागे अडकली तरी सगळा क्रम करायचाच. स्लाइड कधी बिघाडामुळे मधेच अडकते, आणि आत राउंड शिल्लक असतात.

अडलं तर

स्पर्धेत नियमच आहे: नळी समोर, मूठ सोडायची नाही, मोकळा हात वर. सरावातही तेच करा. पिस्तूल हातात घेऊन ‘सर, हे बघा ना’ म्हणत मागे वळणारा नवशिका हे प्रत्येक प्रशिक्षकाचं दुःस्वप्न असतं.

ट्रिगर दाबला, टक् आवाज झाला, गोळी गेली नाही: लगेच स्लाइड ओढू नका. नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा. क्वचित मसाला उशिरा पेटतो, आणि तो पेटताना राउंड बंद चेंबरमध्ये असलेला बरा. मग नेहमीच्या क्रमाने रिकामं करा, तो राउंड वेगळा ठेवा. .२२ मध्ये हे जास्त घडतं, कारण कडेतला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. फुसका निघालेला राउंड खिशात किंवा कचऱ्याच्या डब्यात नको. रेंजवर त्यासाठी वेगळा डबा असतो.

आवाज दबका आला, हाताला धक्का कमी जाणवला: हे सर्वांत धोक्याचं. दारू कमी पडल्याने गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी मागून आदळली की नळी फुगते किंवा फाटते. रिकामं करा आणि नळी मोकळी आहे का ते मागच्या, चेंबरच्या बाजूने तपासून घ्या. तोंडाकडून डोळा लावू नका, फ्लॅग लागलेला असला तरी. रॅपिड फायरच्या घाईत हा दबका आवाज निसटतो, म्हणून प्रशिक्षकाचा कान तुमच्या लेनकडे असला पाहिजे.

दोन राउंड एकदम चेंबरच्या तोंडाशी घुसले तर मॅगझिन सहज निघत नाही. स्लाइड आधी मागे अडकवा, म्हणजे दाब कमी होतो. मग मॅगझिन ओढून काढा, मग स्लाइड दोन-तीनदा ओढा. खोकं खिडकीत उभं चिमटलं असेल तरी क्रम तोच. बोटाने उपटायची घाई नको.

.३२ वाल्यांसाठी खास. .३२ एसीपी राउंडच्या तळाची कड शरीरापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या मागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात आणि स्लाइड वरचा राउंड पुढे ढकलूच शकत नाही. जोर लावून स्लाइड आपटण्यात अर्थ नाही. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिनमधून राउंड काढा, आणि प्रत्येक नवा राउंड खालच्याच्या पुढे कड येईल असा बसवा.

आणि पिस्तूल हातातून निसटलंच, तर पडू द्या. हवेत झेलायला गेलेलं बोट नेमकं ट्रिगर-गार्डमध्ये शिरतं. सुस्थितीतलं आधुनिक पिस्तूल पडून सहसा सुटत नाही, झेलताना सुटतं.

हॅमर उतरवणं, कोरडा ट्रिगर

भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर हळूच उतरवण्याची कसरत रेंजवर कशालाच लागत नाही. घामेजला अंगठा घसरला की गोळी सुटते. आधी पिस्तूल रिकामं, मग हॅमरचं बघा. डिकॉकरची, म्हणजे हॅमर आपोआप उतरवणारी, कळ असेल तर तीच वापरा.

काही स्ट्रायकर पिस्तुलं (ज्यांत हॅमरऐवजी आत स्प्रिंगवरची पिन असते) खोलताना ट्रिगर दाबावा लागतो, साफसफाईच्या टेबलावरचे अपघात त्यातून होतात. तिथेही आधी चाचपणी, आणि नळी भिंतीकडे. माणूस असेल त्या दिशेला नाही, भिंतीपलीकडच्या खोलीत असेल तरीसुद्धा. कोरडा सराव, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबणं, अधिकाऱ्याच्या परवानगीनेच, आणि .२२ वर फुकटचा ट्रिगर मारण्याआधी त्या पिस्तुलाची पुस्तिका बघा, काही मॉडेलांत राउंडवर आघात करणारी पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते.

लेन सोडताना

टार्गेट बदलायला कोणी पुढे गेलं असेल तर टेबलावरच्या पिस्तुलाला हात लावायचा नाही, फ्लॅग लावलेला असला तरी. मॅगझिन भरायचं नाही, पुसायचं नाही, ग्रिप नीट करायची नाही. मोबाइलवर फोटोसाठी पिस्तूल घेऊन वळायचं तर मुळीच नाही. पाहुण्यांना हे दारातच सांगा. दुसऱ्याला पिस्तूल द्यायचं तर हातातून हातात देऊ नका. उघडं, फ्लॅगसह टेबलावर ठेवा, तो स्वतः तपासून उचलेल. त्याने तुमच्यासमोर पुन्हा चेंबर चाचपलं तर त्यात अपमान वाटून घेऊ नका.

पिस्तूल रेंजवरच, लेनमध्येच रिकामं करून पेटीत बंद करायचं. गाडीत बसून नाही. राउंड वेगळ्या डब्यात, परवाना सोबत. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात हत्यार जमा करायला जातानाही हाच क्रम घरून करून निघा, ठाण्याच्या काउंटरवर स्लाइड ओढत बसू नका. पावसाळ्यात पेटीच्या फोममध्ये ओल धरते, म्हणून घरी पोचल्यावर पिस्तूल बाहेर काढून, पुन्हा एकदा चेंबर बघून, पुसून कपाटात कुलपात ठेवा. तेल नावापुरतं. पिनच्या मार्गात साचलेल्या तेलात काजळी चिकटते, आणि पुढच्या खेपेला तोच ‘टक्’ आवाज ऐकू येतो.

पोहे-जिलबीला हात घालण्याआधी साबणाने हात धुवा, प्रायमरमध्ये शिसं असतं. डब्यातले उरलेले राउंड मोजून वहीत लिहा, आणि पँट धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करा. .२२ चा राउंड शेंगदाण्याएवढा असतो.